रोपं नेली नाहीत, रोपवाटिका नेली : मखमलाबाद ते त्र्यंबक, एका स्थलांतराचं प्रकरण

२०२४ ची दिवाळी संपली आणि मखमलाबाद शिवारातल्या आमच्या रोपवाटिकेच्या जागामालकांचा निरोप आला : मार्चअखेरपर्यंत जागा मोकळी करून द्या. निरोपात कडवटपणा नव्हता. पडीक वावराचा एक कोपरा त्यांनी आपणहून, एक पैसा भाडं न घेता, झाडं लावणाऱ्या लोकांना वापरायला दिला होता. आता घरात वाटण्या झाल्या होत्या, २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर शहराच्या कडेच्या जमिनींना मागणी आली होती आणि त्या वावराचं ले-आउट पडणार होतं. पाच महिने आधी सांगितलं, हा त्यांचा मोठेपणाच. जागा तोंडी मिळाली होती, कागद कुठलाच नव्हता. उद्या सोडा म्हणाले असते तरी आम्हाला बोलता आलं नसतं.

रोपवाटिका गंगापूर डाव्या कालव्यापासून जवळ होती. कालव्याला पाण्याचं आवर्तन आलं की शेजारच्या विहिरीला पाझर फुटायचा, त्यामुळे पाण्याची चिंता फारशी कधी केलीच नाही. आसपासच्या कॉलन्यांमधली माणसं, कॉलेजची मुलं, वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका आणि रोज पाणी घालायला दोन ताई, असा हा गट. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ मध्ये लोकांनी मिळून लावलेली देवराई पाहून आमच्यातले बरेच जण या कामाकडे वळले. रोपं जायची ती सिन्नर-चांदवडकडच्या उघड्या टेकड्यांवर, शहरातल्या शाळांमध्ये आणि अलीकडे त्र्यंबकच्या डोंगरउतारांवर.

निरोपानंतरच्या पहिल्या बैठकीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं : मालकांकडून जूनपर्यंत मुदत वाढवून घेऊ, पावसात जमेल तेवढी रोपं लावू, उरलेली ट्रकमध्ये भरून नव्या जागी नेऊ. दुसरं म्हणणं निवृत्त काकांचं. वनखात्याच्या रोपवाटिकांमध्ये त्यांची उमर गेलेली. ते म्हणाले, मुदत मागू नका, हिवाळा हातात आहे तोच वापरा. आणि रोपवाटिका हलवायची असेल तर आधी ती रिकामी करा. त्या वेळी हे बोलणं अनेकांना तुटक वाटलं. पुढचं सगळं प्रकरण या एका वाक्याभोवती फिरलं.

हिवाळा का

पिशवीतलं रोप वर्षभर सारखं नसतं. मार्च ते मे या काळात नाशिकचा वारा कोरडा असतो, ऊन चढलेलं असतं आणि पानं फुटलेली असतात. अशा वेळी उघड्या टेम्पोतून पंचवीस किलोमीटर नेलेल्या रोपाची पानं वाऱ्यानेच करपतात. मुळांना धक्का बसलेला असतो, त्यामुळे ती पाणी पुरवू शकत नाहीत. पावसाळ्यात ही अडचण नाही, पण तेव्हा पिशवी भिजून जड होते, चिखलात गाडी रुतते आणि लागवडीच्या ऐन घाईत सगळे हात वाहतुकीत अडकतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र काटेसावर, पळस, सालई, मेडशिंगी यांची वाढ थांबलेली किंवा मंदावलेली असते, पाणी कमी लागतं, उन्हाचा त्रास नसतो. थंडीची एक भीती असते, पण कडाका खरा निफाडच्या बाजूला. तिथे पारा शून्याच्या आसपास उतरल्याची उदाहरणं आहेत. डोंगराकडच्या उतारावर, पाचटाच्या आडोशाला, छोट्या रोपांना तेवढा धोका नव्हता.

म्हणून मुदतवाढ मागितली नाही. नवी पेरणी तिथेच थांबवली. हे सगळ्यात जड गेलं. रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाला रिकामा वाफा बघवत नाही, आणि हिवाळा उतरताना सगळ्यांच्या खिशात कसल्या ना कसल्या बिया असतात.

काय न्यायचं, काय नाही

रोपांची प्रतवारी करायला बसलो तेव्हा खरी स्थिती कळली. पाच बाय सात इंचांच्या पिशवीत जे रोप सहा-आठ महिने राहायला हवं, त्यातली कित्येक दोन-दोन वर्षं तिथेच उभी होती. वरून उंच, हिरवी, देखणी. पिशवी फाडली की आत मुळांची गुंडाळी. करंज, बहावा, बेहडा यांचं सोटमूळ तळाला आपटून वळतं आणि पिशवीभर फिरत राहतं. असं रोप जमिनीत लावलं तरी मूळ पुढे त्याच गोलात वाढतं. तीन-चार वर्षांनी झाड वाऱ्याने कलतं किंवा खुंटतं. दुसरा प्रकार उलटा : पिशवीच्या छिद्रांतून मूळ खालच्या जमिनीत उतरलेलं. उंबर, वड, पिंपळ तर पिशवी नावालाच ठेवतात. अशी पिशवी ओढून काढली की खालचं अर्धं मूळ तुटतं आणि रोप आठवड्यात माना टाकतं.

वनखात्याच्या रोपवाटिकांत ठरावीक काळाने पिशव्या उचलून जागा बदलतात, बाहेर आलेली मुळं कापतात आणि उंचीप्रमाणे रोपं वेगळी लावतात. याला तिथे सगळे शिफ्टिंगच म्हणतात. स्वयंसेवकांच्या रोपवाटिकेत पाणी घालायला माणसं मिळतात, पण हजारो पिशव्या उचलून पुन्हा मांडायचं काम कोणी मागून घेत नाही. ते या वेळी करावंच लागलं. नोव्हेंबरअखेरीस पिशव्या उचलल्या, मुळं कापली, मग शेडनेटखाली तीन आठवडे ठेवल्या. या तीन आठवड्यांत ज्यांनी मान टाकली ती गाडीत चढलीच नाहीत. मला वाटतं, सगळ्या स्थलांतरातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी होती आणि बाहेरून बघणाऱ्याला तीच दिसत नाही.

वाटणी अशी झाली. मोठ्या पिशव्यांमधली, चार-पाच फुटांच्या वरची रोपं नव्या जागी नेलीच नाहीत. बारा बाय पंधराच्या भरलेल्या ओल्या पिशवीचं वजन बारा-तेरा किलो भरतं. छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत पन्नास-साठ चढवली की गाडी भरली. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांना ती देऊन टाकली : ठिबक असलेल्या दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना बांधाला लावायला, बोअर असलेल्या दोन-तीन सोसायट्यांना, एका शाळेला. बागायतदारांना वाऱ्याच्या आडोशासाठी झाडं हवीच असतात. त्यांनी खड्डेही स्वतः घेतले. हिवाळ्यात लावलेलं झाड पाणी असेल तर जगतं, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक.

मुळं गुंडाळलेली रोपं कंपोस्टच्या खड्ड्यात गेली. यावरून गटात रडारड झाली, अक्षरशः. ज्यांनी ते बी टोकलं होतं, उन्हाळाभर पाणी घातलं होतं, त्यांना ते पाहवलं नाही. काहींनी घरी नेली. पण बिघडलेल्या मुळाचं रोप डोंगरावर लावणं म्हणजे एक खड्डा, एक पावसाळा आणि एका माणसाचा दिवस वाया घालवणं, आणि तो खड्डा दुसऱ्या चांगल्या रोपाचा असतो. त्या निर्णयाच्या बाजूने मी तेव्हाही होतो, आजही आहे.

उरली ती पाच बाय सातची निरोगी, वर्षाच्या आतली रोपं. एक पिशवी किलोभराची. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो ज्या प्लास्टिकच्या कॅरेटमधून येतात, ती कॅरेट ओळखीच्या शेतकऱ्यांकडून उसनी आणली. एका कॅरेटमध्ये पंधरा-सतरा पिशव्या उभ्या बसतात, एकमेकींना धरून राहतात आणि थरावर थर रचता येतात. आदल्या संध्याकाळी पाणी द्यायचं, निघताना द्यायचं नाही. मातीचा गोळा ओला पण घट्ट हवा. रोप कधीही शेंड्याला किंवा खोडाला धरून उचलायचं नाही. पहाटे निघायचं, वर शेडनेट ताणायची. इतकंच.

शहरातून डोंगराकडे माती नेताना

एक गोष्ट मला इथे थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण वृक्षारोपणाच्या उत्साहात ती बोललीच जात नाही. पिशवीबरोबर माती जाते, आणि मातीबरोबर गाजर गवताचं बी, घाणेरी, वाळवी, गोगलगाईची अंडी. गाजर गवताच्या एका झुडपाला हजारो बिया येतात. आमची नवी जागा अंजनेरीच्या पायथ्यापासून फार लांब नव्हती. अंजनेरीच्या डोंगरावर कंदीलपुष्पाची एक अशी जात आहे जिला अंजनेरीचंच नाव मिळालं आहे. पावसाळ्यात पठारावरच्या पातळ मातीत, गवतात ती उगवते, फुलते आणि कंदाच्या रूपाने जमिनीत दडून बसते. अशा जागेच्या शेजारी शहरी तणांचं बियाणं गाडीने नेऊन ओतणं हा अपराध ठरला असता.

म्हणून गाडीत चढण्यापूर्वी प्रत्येक पिशवीवरची बोटभर माती खरवडून काढली आणि त्या जागी चाळलेलं शेणखत टाकलं. नव्या जागी पोहोचलेली रोपं पहिला पाऊस होईपर्यंत एकाच वेगळ्या वाफ्यात ठेवली, म्हणजे जे तण उगवेल ते एका जागी उगवेल आणि फुलण्याआधी उपटता येईल. उगवलंच.

याच कारणाने आणखी एक नियम गटाने तेव्हा केला : पठारावर, सड्यावर झाडं लावायची नाहीत. डोंगर जवळ आला की उघडी पठारं डोळ्यांत भरतात आणि हात शिवशिवतात. पण ती उजाड नसतात. तिथलं गवत आणि पावसाळी फुलं हीच तिथली वनसंपत्ती. सावली पडली की ती जाते. लागवड फक्त उतारांवर, घळींत आणि जुन्या वृक्षतोडीच्या जागी, गावाला विचारून.

कुठे : पाणी की डोंगर

जागेसाठी तीन पर्याय होते. दिंडोरी रस्त्याला एका बागायतदाराचा प्लॉट : पाणी मुबलक, रस्ता चांगला, पण चारही बाजूंनी द्राक्षाची फवारणी आणि पुन्हा तोच तोंडी व्यवहार. दुसरा, शहरालगतच एका संस्थेचं आवार : सोयीचं, पण दोन वर्षांनी बांधकाम होणार हे दिसत होतं. तिसरा, त्र्यंबक तालुक्यातलं एक गाव, जिथे आम्ही आधीच्या पावसाळ्यांत लागवड केली होती.

त्र्यंबकच्या बाजूने मोठा मुद्दा होता पावसाचा आणि मातीचा. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्र्यंबकला २,००० च्या वर. मखमलाबादच्या कोरड्या हवेत वाढलेली हिरडा, जांभूळ, ऐन यांची रोपं त्या धुवाधार पावसात पहिल्या महिन्यात सडताना आम्ही पाहिली होती. जिथे लावायची तिथेच वाढवली तर रोपाला ती हवा लहानपणापासून ओळखीची होते, आणि बीही त्याच डोंगरावरच्या झाडाचं मिळतं.

विरोधातला मुद्दा तितकाच मोठा. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पावसाळ्यात पाणी मावत नाही आणि एप्रिल-मे मध्ये हंडे घेऊन झऱ्यावर रांग लागते. कातळावरून पाणी वाहून जातं, मुरत नाही. जिथे माणसांना पाणी नाही तिथे रोपांसाठी पाणी मागायचं तोंड कोणाचं आहे?

हिशोब मांडला. उन्हाळ्यात छोट्या पिशवीला दिवसाला पाव लिटर धरलं तर हजार पिशव्यांना २५० लिटर. मध्य फेब्रुवारी ते मध्य जून, असे १२० दिवस धरले तर हजार पिशव्यांमागे ३० हजार लिटर. गावातल्या एका घरचं शेततळं होतं, १५ बाय १५ मीटर, खोली ३ मीटर, प्लास्टिक अंथरलेलं. उतरत्या बाजू धरून अशा तळ्यात ४४१ घनमीटर, म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावतं. टोमॅटोचं पीक निघाल्यावर जानेवारीत त्यात बऱ्यापैकी पाणी उरतं, असं त्या घरचे सांगत होते. कागदावर पुरेसं. पण उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सात-आठ मिलिमीटरने सहज उतरते. भरलेल्या २२५ चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला जवळपास १,७०० लिटर. म्हणजे सात हजार रोपं पितील तेवढं पाणी रोज ऊनच पिऊन टाकतं. हा आकडा कळल्यावर झारीने पाणी मोजून घालण्याच्या चर्चा बंद झाल्या आणि जुन्या जागेवरची निम्मी शेडनेट तळ्यावर ताणली गेली. पिण्याच्या पाण्याच्या झऱ्याला हात लावायचा नाही, ही गावाची अट होती. ती अट घातली नसती तर आम्हीच घालायला हवी होती.

कोणाची

जागा ठरली, पण ती घ्यायची कशी? इथे स्थलांतराला वेगळं वळण लागलं.

गायरानाचा विचार पहिल्यांदा झाला. गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात असलं तरी जमीन शासनाची. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं आणि तेव्हापासून अशा जमिनी बाहेरच्या कोणाला देण्याबाबत सगळे सावध असतात. रास्तच आहे. मग खासगी जमीन. शेतमालक लेखी भाडेपट्टा द्यायला बिचकतात त्यामागे १९४८ च्या कूळकायद्याची जुनी धास्ती आहे (कसणारा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल, ही), आणि मखमलाबादलाही आमचा व्यवहार तोंडी राहिला तो त्यामुळेच. त्र्यंबकच्या त्या गावात तर जमीन आदिवासी कुटुंबांची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विकत, गहाण किंवा भाडेपट्ट्याने जायची तर शासनाची परवानगी लागते. हा कायदा ज्या फसवणुकींच्या इतिहासातून आला तो आठवला तर शहरातल्या गटाने त्यातून पळवाट शोधू नये, हे कोणालाही पटेल. आमच्यातल्या एक-दोघांनी ‘नुसतं तोंडी वापरू, कोण विचारतंय’ असं सुचवलं. ते मागे पडलं, हे बरं झालं.

वाट गावातच निघाली. तळं ज्या घरचं, त्या घरची सून गावातल्या बचत गटात होती. ग्रामसभेच्या आधीच्या बैठकीत तिने विचारलं, ‘‘दादा, तुम्हाला जागा कशाला पाहिजे? तुम्हाला रोपं पाहिजेत ना?’’

एवढ्या सरळ प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच रोपंच हवी होती. त्यातून जे ठरलं ते असं. रोपवाटिका बचत गटाची. जमीन त्यांच्याच एका सभासदाच्या घरची, म्हणून भाडेपट्ट्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडची नेट, झाऱ्या, पाइप, पिशव्या, चाळण्या, बी, सगळं बिनशर्त त्यांच्या मालकीचं. आणलेली रोपंही त्यांचीच. शहरातला गट त्यांच्याकडून ठरलेल्या जातींची, ठरलेल्या उंचीची रोपं जून-जुलैत ठरलेल्या दराने विकत घेणार, तसं लेखी देणार आणि उचल तीन हप्त्यांत आधी देणार. बाकीची रोपं त्यांनी कोणालाही विकावीत : सामाजिक वनीकरण, ग्रामपंचायत, रस्त्याचे ठेकेदार, रिसॉर्टवाले, कोणालाही.

शहरात यावर बरीच नाराजी झाली. ‘मग आपली नर्सरी राहिली कुठे?’ हा प्रश्न लोकांनी दुखऱ्या मनाने विचारला आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. रविवारी मुलांना घेऊन पिशव्या भरायला येणारी कुटुंबं त्र्यंबकपर्यंत दर आठवड्याला जाणार नव्हती, आणि तशी ती जातही नाहीत. गट लहान झाला. पण विश्वस्त म्हणून मिरवण्यापेक्षा वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक होणं या कामाला जास्त उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे. शहरातल्या चांगल्या माणसांनी डोंगरात उभारलेल्या किती रोपवाटिका उत्साह ओसरला की ओस पडतात, हे जिल्ह्यात फिरणाऱ्या कोणालाही माहीत आहे. गावाच्या हाती मिळकत असेल तर ती कोणाच्या उत्साहावर अवलंबून राहत नाही.

द्राक्षांचे दिवस

जानेवारीत गाड्या पोहोचल्या आणि लगेच एक अडचण उभी राहिली, जी आमच्या एकाही कागदावर नव्हती. जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षकाढणीचा काळ. त्र्यंबक-पेठ-सुरगाण्याच्या बायका, जोडपी, तरुण मुली या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या बागांवर जातात. काही तिथेच राहतात, काही पहाटेच्या जीपने जाऊन रात्री परततात. रोपवाटिकेला सर्वांत जास्त पाणी ज्या महिन्यांत लागतं, त्याच महिन्यांत गाव रिकामं असतं. आणि बागेवर मिळणारी मजुरी सोडून कोणी झारी का धरावी?

बचत गटाने तोडगा काढला तो आम्हाला सुचला नसता. बागेवर न जाणाऱ्या वयस्क बाया आणि बाळंतीण होऊन घरी असलेल्या लेकीसुना, अशा चौघी-पाच जणींनी पाळी लावून सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं; दिवसाची पूर्ण मजुरी नाही, महिन्याचं ठरीव. जूनमध्ये विक्रीचा हिशोब झाला की पाणी घालणाऱ्यांचा वाटा आधी काढायचा, मग बाकीच्यांचा. जगलेल्या रोपांमागे पैसे द्यावेत असं आम्ही सुचवलं होतं. त्यातल्या एका आजींनी ते धुडकावलं : मग कोणी मेलेलं रोपसुद्धा मोजायला ठेवील. त्याऐवजी प्रतवारी दर महिन्याला, सगळ्यांच्या समोर.

पहिला पावसाळा

२०२५ मध्ये पावसाने मे महिन्यातच गाठलं. मान्सून महाराष्ट्रात मेच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचला. तळ्यातलं पाणी शिल्लक राहिलं, हा फायदा. पण मोहाचं बी जमा करायच्या दिवसांत सगळं ओलं. मोह, जांभूळ ही बियाणी साठवता येत नाहीत. फळ पिकून गळालं की आठ-पंधरा दिवसांत पेरावं लागतं, नाहीतर उगवण घटत जाते. गावातल्या बायकांना हे शिकवायची गरज नव्हती. बहाव्याचं मात्र उलट. त्याचं कवच इतकं टणक की गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवल्याशिवाय किंवा दगडावर घासल्याशिवाय ते उघडत नाही. ते काम शहरातल्या मुलांकडे राहिलं आहे आणि ती ते मन लावून करतात.

जुलैत रोपं कुजायला लागली. खोडाचा जमिनीलगतचा भाग काळा पडायचा आणि रोप आडवं व्हायचं. मखमलाबादच्या सवयीने पिशव्या सपाट जमिनीवर दाटीने मांडल्या होत्या आणि वर नेट होती. नेटमधून थेंब टपटपत राहायचे, पिशव्यांच्या बुडाशी पाणी साचायचं. नेट काढली. पिशव्या मुरमाच्या उंच पट्ट्यांवर घेतल्या, दोन पट्ट्यांमध्ये चर काढला, मिश्रणात वाळूचं प्रमाण वाढवलं. तोवर जांभूळ आणि हिरड्याचं बरंच नुकसान झालं होतं. ऐन, उंबर, करंज यांनी तग धरला. अंजन, धावडा, सालई ही कोरड्या मुलखाची रोपं इथे वाढवण्यात अर्थ नाही, हेही त्या महिन्यात कळलं. सिन्नर-चांदवडसाठी ती हवी असतील तर त्या बाजूलाच कोणाकडून तरी घ्यायला हवीत. एका रोपवाटिकेने सगळ्या जिल्ह्याला पुरवठा करायचा, ही कल्पनाच आम्ही सोडून दिली.

मखमलाबादची उभी झाडं

पिशव्यांचं झालं, पण जुन्या जागेच्या कुंपणाला मोठी झालेली झाडं होती : काटेसावर, बहावे, एक कुसुम. त्यांचं बी आम्ही वर्षानुवर्षं घेतलं. पुनर्रोपणाची सूचना आली. झाडं मुळासकट उपटून दुसरीकडे लावण्याचं शहरात आकर्षण आहे. वड-पिंपळासारखी झाडं त्यातून जगतातही. खोल सोटमुळाच्या झाडाची शक्यता कमी, खर्च अफाट. महापालिका हद्दीत झाड तोडायचं किंवा हलवायचं तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाएवढी नवी झाडं लावण्याची तरतूद आहे.

आम्ही मालकांना आणि त्यांच्या आर्किटेक्टना एवढंच विचारलं, की ले-आउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागतेच, तर ती या झाडांच्या बाजूला घेता येईल का? नकाशा तेव्हा कच्चा होता. खुली जागा त्या बाजूला सरकली. काटेसावर आणि कुसुम राहिले, दोन बहावे रस्त्यात गेले. २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या साधुग्रामासाठीच्या (सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठीच्या) झाडतोडीवरून शहर पेटून उठलं, तेव्हा हा छोटा अनुभव आम्ही अनेकांना सांगितला : झाडाबद्दलचं बोलणं नकाशा कच्चा असताना झालं पाहिजे, नंतर फक्त भांडण उरतं.

सध्याचा वाद

आता रोपवाटिकेत काय वाढवायचं यावर बोलणं चालू आहे. आम्हाला फक्त डोंगरातली झाडं हवीत. बचत गटाला केशर आंब्याची कलमं, शेवगा आणि कढीपत्ताही करायचा आहे, कारण त्याला त्र्यंबकच्या बाजारात रोज गिऱ्हाईक आहे. हिरड्याला वर्षातून एकदाच, तेही आम्हीच. त्यांचं बरोबर आहे. कलमांच्या पैशांवर हिरड्याची पिशवी उन्हाळा काढणार असेल तर कलमं व्हायलाच हवीत. आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून ट्रकच्या ट्रक मोठी रोपं आणणाऱ्या ठेकेदारांनीही त्यांच्याकडे चौकशी केली आहे. बारा बाय पंधराच्या पिशव्यांची मोठी रोपं करायची का, हे त्या ठरवतील. तेवढं पाणी तळ्यात नाही, असं आम्ही सांगितलं आहे.

मोहाच्या रोपाचा दर ठरायचा आहे. त्या जो मागतात तो आमच्या जमाखर्चाला जड जातो, पण मोह दोन वर्षं सांभाळावा लागतो आणि त्याची वाढ सावकाश, त्यामुळे मागणी वाजवी आहे. पैसे गोळा करायला बसलो आहोत. जूनच्या आत ठरवून पहिला हप्ता द्यायचा आहे, कारण त्यानंतर बी पडायला लागेल.